बिगरहंगामी रात्र

"दिवे लाव," नाईकनवरे सर माझ्या खुर्चीमागं उभं राहून म्हणाले. "हा एवढा मोठा काळा डाग कसला ठेवलायस मधे?"

"कारखाना आहे, सर."

"साखर कारखाना? आणि असा काळाठिक्कर? अगं, चेअरमनसाहेबांचा कारखाना जत्रेसारखा झगमगतो. फोटो दिलेत ना मी तुला?"

"फोटो जानेवारीतले आहेत. तेव्हा हंगाम चालू होता. आता मे उजाडला, गाळप कधीच संपलंय. मी काल संध्याकाळी जाऊन बघून आलो. गेटवर एक बल्ब आहे, बाकी आत मिट्ट अंधार."

"आलो!" सर हसले आणि पलीकडच्या टेबलांकडं बघून डोळा मिचकावला. ते पुण्याचे. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, याची त्यांना रोज नव्यानं मौज वाटायची. "बरं, तू आलास, बघितलास. आता दिवे लाव."

बाकीची पोरं खिदळली. मी माऊस असा आपटला की त्याची बॅटरी निघून टेबलाखाली गेली. माझं डोकं तेव्हाही तापट होतं, आजही आहे.

आमचं ऑफिस राजारामपुरीत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. विमान शिकणाऱ्यांना जमिनीवर बसूनच सराव करता यावा म्हणून खोटं कॉकपिट असतं, त्याच्यापुढं मोठा पडदा असतो. त्या पडद्यावर विमानाखालून जी जमीन सरकते, ती आम्ही बनवायचो. दिवसाची जमीन पोरांकडं आणि रात्रीची माझ्याकडं. दिवसाच्या चित्रावर काळा रंग फासला की झाली रात्र, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आधी झाडांच्या आणि घरांच्या सावल्या एकेक करून पुसाव्या लागतात, कारण रात्री सूर्य नसतो. मग जमीन काळपट निळी करायची आणि मग प्रत्येक दिव्याचा उजेड खाली जिथं पडतो तिथं तो सांडायचा. हायवेचा पिवळाधमक, वस्तीतल्या ट्यूबलाइटचा पांढरा, शेतातल्या मोटारीच्या खोपीवरचा एकुलता मिणमिणता. मी दिवेलागणीला स्कूटी काढायची आणि सगळा परिसर डोळ्यांनी बघून यायची. तिथं जो दिवा नाही तो माझ्या चित्रात नाही, हा माझा हट्ट होता. कारण रात्री वैमानिकाला जमीन दिसत नाही, नुसते दिवे दिसतात. दिवे कुठं आहेत यावरून तो खाली काय आहे ते ओळखतो.

आणि या कामात तर माझा हट्ट नुसता हट्ट नव्हता. कुरणवाडीच्या माळावर चेअरमनसाहेबांच्या ट्रस्टनं विमान शिकवायची शाळा काढली होती. त्याच शाळेसाठी आम्ही हे सगळं बनवत होतो, आणि त्याच शाळेत माझी धाकटी बहीण धनश्री शिकत होती. तालुक्यातली पहिली मुलगी म्हणून साहेबांनी तिला फी न घेता जागा दिली होती. पेपरात तिचा फोटो आला होता, साहेबांचा हात तिच्या डोक्यावर. सोमवारी त्या खोट्या कॉकपिटचं, म्हणजे सिम्युलेटरचं उद्घाटन होतं आणि गुरुवारी धनूची रात्रीची पहिली एकटीची फेरी होती. शेजारी कोणी नाही, ती आणि विमान.

धावपट्टीवर उतरायला वळून आलं की डाव्या हाताला कारखान्याची चिमणी लागते. पंचगंगेच्या पुलावरून दिसते एवढी उंच. हंगामात कारखान्याच्या आवारात फ्लडलाइट असतात, उसाच्या गाड्यांची रांग असते, चिमणीच्या तोंडाची पांढरी वाफसुद्धा खालच्या उजेडानं चमकते. ती चुकवायला डोळे लागतच नाहीत. हंगाम संपला की आवार बंद आणि उरतो तो चिमणीच्या टोकावरचा लाल दिवा. विमानं उतरतात तिथं तो असायलाच पाहिजे. आणि तोच बंद होता.

मी गेटवरच्या राखणदाराला विचारलं होतं.

"लाल दिवा? तो कवाच गेला की," तो म्हणाला. "सायबांच्या वाढदिवसाला चिमणीला वरपासनं खालपतोर लायटिंगच्या माळा सोडल्यात्या. काय दिसत हुती म्हणून सांगू! माळा उतरवताना त्या पोरांनी लाल दिव्याची वायरच वढून काढली."

"मग परत नाही लावला?"

"एवढ्या उंच कोण चढतंय ताई? हंगामात उजेड असतोय, कुणाला काय कळतंय."

वाढदिवसाच्या माळा बांधायला माणूस चढतो. दिवा लावायला चढत नाही. मी स्कूटीवर बसले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तशीच विमानशाळेत गेले आणि कॅप्टन सबनिसांना गाठलं. ते शाळेचे मुख्य शिक्षक, हवाई दलातून निवृत्त झालेले, मिशा कोरलेल्या.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "वर कळवलंय."

"वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे वर." त्यांनी फॅनकडं बघितलं, आणि आणखी काही विचारायची सोय ठेवली नाही.

हे सगळं मी नाईकनवरे सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि लहान पोराला समजवावं तशा आवाजात बोलायला लागले.

"सारिका, आपण सीनरी करतो. पंचनामा नाही. सोमवारी चेअरमन येणार, पडदे ओढून हॉलमधे अंधार करणार, आणि त्यांना रात्रीच्या वेळी वरून त्यांचा कारखाना बघायचाय. त्यांनी स्वतः फोनवर सांगितलंय. त्यांना तू काळा डाग दाखवणार?"

"आहे तोच दाखवणार. पोरं याच्यावर शिकणार आहेत, सर. इथं दिवे बघून त्यांना सवय लागली, की खऱ्या विमानातनं ती तेच दिवे शोधत बसतील."

"हंगामात असतातच की ते दिवे. खोटं काय आहे त्यात?"

"गुरुवारी नसतील."

"गुरुवारी काय आहे?"

मी सांगितलं नाही. माझी बहीण तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तिच्या नावानं मी रडगाणं गाते असं त्यांना म्हणू द्यायचं नव्हतं.

"आणि चिमणीवरचा लाल दिवापण टाक," ते उठता उठता म्हणाले. "नियमानं तो असतोच."

"नियमानं असतो. पण तिथं नाहीये."

"आपल्या पडद्यावर असेल," सर म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

घरी आले तर धनू ताटावर बसली होती. आई भाकरी थापत होती. मी चप्पल काढायच्या आधी सुरू झाले. सगळं ओकून टाकलं, चिमणी, माळा, वायर, सबनीस, सर. धनू जेवायची थांबली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "अक्का, तू दिवे लाव."

"काय?"

"सर म्हणतात तसं लाव आणि गप बस. तुझ्या पाया पडते असं समज."

"तुला कळतंय का मी काय बोलायलोय? गुरुवारी तू एकटी—"

"मला कळतंय. तुला कळेना झालंय." तिनं ताट बाजूला सारलं. "शाळेत आम्ही दोघीच पोरी. काय झालं की बघतातच, पोरीला जमतंय का. रडतीय का. घाबरतीय का. आता माझी बहीण जाऊन भांडली, की धनश्री मगदूमला अंधाराचं भ्या वाटतंय, हेच सगळीकडं होणार. साहेबांनी दिलेली सीट आहे ती. ते एका फोनवर काढतील."

"सीट मोठी का जीव मोठा?"

"चिमणी कुठं आहे मला माहीत नाही व्हय? रोज दिवसा तिच्या बाजूनं येतो मी. डोळे झाकून सांगतो, कुठल्या क्षणाला कुठं आहे. दिवा असो का नसो, मला काय फरक पडत नाही."

"मग रात्री घ्यायची कशाला परीक्षा? दिवसाच घ्या म्हणावं!"

"अक्का, माझं वाटोळं करू नकोस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा फाटला की आईची भाकरी तव्यावर करपली. आईनं ती करपलेली स्वतःच्या ताटात घेतली.

मला धनूचासुद्धा राग आला. खरंतर सगळ्यांत जास्त तिचाच आला. चेअरमन मुजोर असतो, सर पैशाचे असतात, सबनीस शेपूट घालतात, हे आपण धरूनच चालतो. पण जिच्यासाठी भांडायचं, तिनंच उलटून गप बस म्हणावं! मी त्या रागात दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसले आणि सरांना हवे तसे दिवे लावले. आवारात फ्लडलाइट सांडले, उसाच्या गाड्यांचे हेडलाइट ओळीनं मांडले, चिमणीच्या टोकावर लाल ठिपका ठेवला. सर येऊन बघून गेले. "बघ, किती गोड दिसतंय," म्हणाले. दिसत होतंच. मला माझं काम येत होतं.

पण मी माझी रात्र पुसली नाही. ती वेगळी जपून ठेवली. सोमवारी मशीन सुरू करायला मीच जाणार होते.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला होता. संचालक मंडळ, शाळेची पोरं, फोटोवाले. चेअरमन इंगवलेसाहेब पांढऱ्या सफारीत आले, फीत कापली, हार घेतले आणि ते पुढ्यातल्या सोफ्यावर बसले. बाहेर ऊन रणरणत होतं. पोरांनी खिडक्यांचे जाड पडदे ओढले.

"आपल्या तालुक्याच्या लेकीलाच बसवा," साहेब म्हणाले. "तिच्या हातनं बघूया आमचा कारखाना."

टाळ्या पडल्या. धनू कॉकपिटमधे जाऊन बसली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं, ते मला तेव्हा कळलंय असं मला वाटलं. मी कीबोर्डवर वाकले आणि सरांची रात्र बाजूला ठेवून माझी लावली.

पडद्यावर अंधार झाला. विमान वर गेलं, नदी ओलांडली. खाली हायवे पिवळा वाहत होता, गावं विखुरलेली, खोपींवरचे दिवे. पोरांच्यातून 'वा' असा आवाज आला. मला तेवढ्यातही बरं वाटलं. धनूनं वळण घेतलं. लांब समोर धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन ओळी दिसायला लागल्या, आणि त्यांच्या अलीकडं डाव्या बाजूला काळं, नुसतं काळं.

"कारखाना कुठाय?" साहेबांनी विचारलं.

संचालकांनी नाईकनवरे सरांकडं माना वळवल्या.

"अवो नाईकनवरे, कारखाना कुठाय आमचा?"

सर माझ्या कानाशी आले. "कुठली फाइल लावलीस?"

"खरी."

"आत्ताच्या आत्ता बदल!"

"मधेच बदलता येत नाही," मी म्हणाले. येत होती. त्यांनाही माहीत होतं, पण माझ्या हातातून कीबोर्ड हिसकावून घ्यायची त्यांची हिंमत झाली नाही, सगळे बघत होते.

धनू खाली येत होती. तिनं मान थोडी पुढं काढली होती. धावपट्टीचे दिवे मोठे होत चालले होते. आणि मग पडदा हिसका बसल्यासारखा थांबला आणि सगळा लाल झाला.

कोणीतरी पाठीमागं हसलं आणि गप्प झालं.

"काय झालं?" साहेब.

"टक्कर, साहेब," कॅप्टन सबनीस खालच्या आवाजात म्हणाले.

"कशाला टक्कर?"

सबनिसांनी पुन्हा वर फॅनकडं बघितलं. मी उभी राहिले.

"तुमच्या चिमणीला," मी म्हणाले. "तुमच्या वाढदिवसाच्या माळा उतरवताना तिच्यावरचा लाल दिवा तोडलाय. तेव्हापासनं ती अशीच आहे. गुरुवारी ही पोरगी खऱ्या विमानातनं तिच्या शेजारनं येणार आहे."

साहेब माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत. ते कॉकपिटकडं गेले. धनू हेडफोन काढून बसली होती, हात मांडीवर.

"पोरी," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मुद्दाम केलंस व्हय?"

धनूनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग म्हणाली, "होय साहेब. मुद्दाम."

माझा ऊर अभिमानानं भरून आला. ज्या पोरीनं मला पाया पडते म्हणून गप्प बसवलं होतं, तिनं सगळ्या संचालक मंडळासमोर साहेबांचं विमान साहेबांच्याच चिमणीवर नेऊन आदळलं होतं! माझा उरलासुरला धीर सुटला.

"पडद्यावर दिवा लावायला मला दोन मिनिटं लागतात," मी ओरडले. "तुम्हाला खरा दिवा लावायला काय धाड भरलीय? माळा लावायला माणूस मिळतोय, पोरांच्या जीवासाठी मिळत नाही? माझ्याकडनं खोटा दिवा लावून घेता आणि त्याच्यावर टाळ्या वाजवता? लाज वाटत नाही कुणालाच?"

सर माझा दंड धरून मला बाहेर ओढायला लागले. मी त्यांना ढकललं. हार घातलेला सिम्युलेटर, सोफे, पेढ्यांची ताटं, सगळं तसंच राहिलं आणि आम्ही दोघी उन्हात बाहेर आलो. स्कूटीचं सीट तापून चटके बसत होते. धनू मागं बसली आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तीही माझ्यासारखीच रागानं पेटलीय.

माझी नोकरी त्या दिवशीच गेली. धनूचं नाव शाळेतून काढलं. संस्थेच्या अध्यक्षांचा जाहीर अपमान आणि शैक्षणिक साहित्याचा गैरवापर, असं कारण. गुरुवारच्या रात्रीच्या फेऱ्या पुढं ढकलल्या. थोड्याच दिवसांत चिमणीवर लाल दिवा लागला. नुसता लागला नाही, त्याचंही उद्घाटन झालं. खाली नारळ फुटला, साहेबांनी बटण दाबलं, पेपरात फोटो आला, 'भावी वैमानिकांच्या सुरक्षेसाठी' अशी ओळ होती. बाकीची पोरं त्या दिव्याच्या बाजूनं आपापल्या फेऱ्या करून पास झाली. ती आता कुठंकुठं मोठी विमानं उडवतात. तो पेपर मी चुलीत घातला, आणि तरी माझ्या जीवाची आग काही निवली नाही.

धनूनं पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही. बी.एस्सी. पुरं केलं, इचलकरंजीत क्लास काढला, तिथंच लग्न झालं. मी खोक्यांवरची चित्रं करते, काजूच्या, चपलांच्या, मसाल्याच्या. पण ही गोष्ट मी सोडली नाही. जाईन तिथं सांगितली. लग्नात, बारशात, हळदीकुंकवाला. माझी धाकटी बहीण कशी होती, चेअरमनच्या तोंडावर कसं विमान नेऊन घातलं, 'होय साहेब, मुद्दाम' कशी म्हणाली. त्या वाक्याला मी थांबायची, आणि ऐकणाऱ्या बायका तोंडावर हात ठेवायच्या.

मागच्या वर्षी तिच्या लेकीच्या वाढदिवसाला गेले होते. बाहेर तिच्या जावा, नणंदा बसलेल्या. मी रंगात येऊन सांगत होते. 'होय साहेब' पर्यंत आले, तेवढ्यात धनूनं आतून हाक मारली. गेले तर ती शेवयांची खीर ढवळत उभी होती.

"अक्का, ते सांगत जाऊ नकोस."

"का? तुला लाज वाटते? मला तर अजून अंगावर काटा येतो."

"मी मुद्दाम नव्हतं घातलं."

मला काही समजेना. ती पातेल्याकडंच बघत होती.

"मला दिसली नाही," ती म्हणाली. "शोधत होतो मी. रोजची जागा, रोजचं वळण. आता येईल, आता येईल म्हणून बघत होतो. मला वाटलं अजून लांब आहे. आणि पडदा लाल झाला."

"पण तू म्हणालीस..."

"त्यांनी विचारलं, मुद्दाम केलंस का. दिसली नाही म्हटलं असतं तर तिथंच म्हणाले असते, बघा, पोरींना जमत नाही. मुद्दाम म्हटल्यावर निदान राग तरी आला त्यांना. राग आला म्हणून दिवा लागला."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, मला वेडी करून सगळीकडं का मिरवू दिलंस, असलं काहीतरी. बाहेर तिची लेक फुग्यांवरून कुणाशी तरी भांडत होती, तिचा आवाज आईसारखाच होता.

"तू सरांची रात्र लावली असतीस ना," धनू म्हणाली, "तर त्या दिवशी मला चिमणी झक्क दिसली असती. मी अशी अलगद उतरलो असतो, टाळ्या पडल्या असत्या. आणि गुरुवारी मी तिला शोधलंसुद्धा नसतं."

तिनं गॅस बंद केला आणि वाट्या मांडायला घेतल्या. मी खाली भिंतीला टेकून बसले.